मुलाचा ताबा आणि कायद्याचे साहाय्य

घटस्फोटाने पती-पत्नीचे नाते संपुष्टात येते. परंतु मुलाचे आईशी आणि वडिलांशी असलेले नाते त्यामुळे तुटत नाही. संसार मोडल्यानंतर मूल कोणाजवळ राहावे, त्याच्या शिक्षणाचा आणि औषधपाण्याचा भार कोणी उचलावा, दुसऱ्या पालकाने त्याला केव्हा आणि कसे भेटावे, हे प्रश्न उरतात. आईवडिलांना ते आपापसांत सोडवता आले नाहीत, तर न्यायालयाला सोडवावे लागतात. अशा वादात न्यायालयाची पायरी चढणारा माणूस बहुधा दोन समजुती मनात बाळगून येतो. मूल आपलेच आहे आणि दुसऱ्या पक्षाने आपल्यावर अन्याय केला आहे, एवढे सिद्ध केले की मुलाचा ताबा मिळतो, ही पहिली समजूत. ज्याच्याजवळ पैसा आहे त्यालाच कायदा साथ देतो, ही दुसरी. पहिल्या समजुतीमुळे लोक भलत्याच गोष्टी सिद्ध करण्यात शक्ती खर्च करतात. दुसरीमुळे अनेक जण, विशेषतः माहेरी परतलेल्या निर्धन स्त्रिया, अर्जच करीत नाहीत. प्रस्तुत प्रकरणात या दोन्ही समजुतींचा क्रमाने विचार करावयाचा आहे.

कायदा कोणता प्रश्न विचारतो

वयाची अठरा वर्षे पूर्ण न झालेली व्यक्ती कायद्याच्या भाषेत ‘अज्ञान’ होय. अज्ञान मुलांसंबंधीचा मूलभूत कायदा म्हणजे पालक आणि पाल्य अधिनियम, १८९०. हा कायदा ब्रिटिश अमदानीतील असला, तरी तो आजही अमलात आहे आणि सर्व धर्मांच्या नागरिकांना लागू आहे. पालकाची नेमणूक करताना मुलाचे हित कशात आहे हे न्यायालयाने पाहावे, असे त्याच्या सतराव्या कलमात म्हटले आहे. त्यासाठी कोणत्या गोष्टी विचारात घ्याव्यात, हेही तेथेच दिले आहे: मुलाचे वय, लिंग आणि धर्म, पालक होऊ इच्छिणाऱ्याचे चारित्र्य व कुवत, त्याचे मुलाशी असलेले नाते, पूर्वीचे व सध्याचे संबंध. मूल समजून-उमजून आपली इच्छा सांगण्याइतके मोठे असेल, तर ती इच्छाही न्यायालय विचारात घेऊ शकते. अशा वेळी न्यायाधीश मुलाला आपल्या कक्षात बोलावून, आईवडिलांच्या अनुपस्थितीत त्याच्याशी बोलतात.

हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख यांना या कायद्याच्या जोडीला हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ लागू होतो. त्याच्या तेराव्या कलमानुसार मुलाचे हित हाच सर्वोपरी विचार होय. याच कायद्याच्या सहाव्या कलमात प्रथम पिता आणि ‘त्याच्यानंतर’ माता हे नैसर्गिक पालक सांगितले आहेत. १९९९ साली लेखिका गीता हरिहरन यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ‘त्याच्यानंतर’ या शब्दाचा अर्थ केवळ ‘पित्याच्या मृत्यूनंतर’ असा करण्याचे नाकारले. पिता मुलाविषयी उदासीन असेल किंवा अन्य कारणाने मुलाच्या बाबतीत अनुपस्थित असल्यासारखा असेल, तर तो जिवंत असतानाही माता नैसर्गिक पालक म्हणून कार्य करू शकते, असा या निर्णयाचा आशय आहे. पाच वर्षे पूर्ण न झालेल्या मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असावा, असेही हेच कलम सांगते. २०१५ साली गोव्यातून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या तरतुदीचा आधार घेऊन स्पष्ट केले की, एवढ्या लहान मुलाच्या बाबतीत आई अयोग्य आहे असे म्हणणाऱ्या पित्यावरच ते दाखवून देण्याची जबाबदारी आहे. मुस्लिम व्यक्तिगत कायद्यात लहान मुलाच्या संगोपनाच्या हक्काला ‘हिजानत’ म्हणतात. हनफी पंथाच्या नियमानुसार मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत तो आईकडे असतो.

येथे ताबा आणि पालकत्व यांतील भेद ध्यानात घेणे अगत्याचे आहे. मूल प्रत्यक्ष कोणाजवळ राहते, त्याला शाळेत कोण पोहोचवते, आजारपणात उशाशी कोण बसते, हा ताब्याचा विषय होय. मुलाच्या वतीने कायदेशीर निर्णय घेणे आणि त्याच्या मालमत्तेची व्यवस्था पाहणे हा पालकत्वाचा विषय होय. एकाकडे पालकत्व आणि दुसऱ्याकडे ताबा, अशी स्थिती असू शकते. यास्तव ‘आपण नैसर्गिक पालक आहोत’ एवढ्या युक्तिवादावर ताबा मिळत नाही.

१९७३ साली सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात मुले म्हणजे मातापित्यांच्या मालकीची वस्तू किंवा खेळणे नव्हे, असे बजावले होते. पुढील अर्धशतकातील निर्णय या भूमिकेला धरूनच आहेत. पत्नीने घर सोडले की पतीने तिला घालवून दिले, याचा निकाल वैवाहिक दाव्यात महत्त्वाचा ठरेल. ताब्याच्या अर्जात मात्र त्या भांडणाचा मुलाच्या जीवनाशी जेवढा संबंध असेल, तेवढेच त्याला महत्त्व असते. केवळ अधिक पगार, मोठे घर किंवा महागडी शाळा यांमुळे एक बाजू वरचढ ठरत नाही. आईचे उत्पन्न कमी असेल, तर मुलाच्या पोषणाचा खर्च देण्याचा आदेश पित्याला देता येतो.

अर्ज कोठे करावा

कुटुंब न्यायालय अधिनियम, १९८४ नुसार जेथे कुटुंब न्यायालय स्थापन झाले आहे, तेथे ताब्याचे अर्ज त्या न्यायालयापुढे चालतात. अन्यत्र ते जिल्हा न्यायालयाच्या कक्षेत येतात. प्रश्न असतो तो कोणत्या गावच्या न्यायालयात जावे हा.

एक कल्पित उदाहरण घेऊ. पती भिलाईच्या कारखान्यात नोकरीला आहे. मारहाणीला कंटाळून पत्नी जबलपूरला माहेरी आली आहे आणि त्यांची सात वर्षांची मुलगी भिलाईतच वडील व आजी-आजोबांजवळ राहून तेथील शाळेत जात आहे. १८९० च्या अधिनियमाखाली अर्ज करावयाचा, तर तो मूल सामान्यतः जेथे राहते तेथील न्यायालयात, म्हणजे दुर्ग जिल्ह्यात करावा लागेल. मूल सामान्यतः कोठे राहते, हे वस्तुस्थितीवरून ठरते. त्याला चार दिवस अन्यत्र नेल्याने ते बदलत नाही.

परंतु या स्त्रीपुढे आणखी दोन मार्ग आहेत. ती हिंदू असून तिने हिंदू विवाह अधिनियम, १९५५ खाली घटस्फोटाचा किंवा न्यायिक फारकतीचा अर्ज केला, तर २००३ सालच्या दुरुस्तीमुळे तो ती स्वतः राहते त्या ठिकाणी, म्हणजे जबलपूरला दाखल करता येतो. त्याच कामात सव्विसाव्या कलमाखाली मुलीचा ताबा, पोषण आणि शिक्षण यांविषयी आदेश मागता येतो. तिसरा मार्ग कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ चा. पीडित स्त्री तात्पुरती जरी राहत असली, तरी तेथील दंडाधिकाऱ्यांकडे ती अर्ज करू शकते. संरक्षण आदेशाची किंवा अन्य दिलाशाची सुनावणी चालू असताना एकविसाव्या कलमाखाली मुलीचा तात्पुरता ताबा देण्याचा अधिकार दंडाधिकाऱ्यांना आहे. या कामी संरक्षण अधिकारी तिला साहाय्य करतो. तीन मार्गांपैकी कोणता घ्यावा, हे प्रवासाचा खर्च, हिंसाचाराचा पुरावा आणि वैवाहिक संबंधांविषयीचा तिचा स्वतःचा निर्णय यांवर अवलंबून आहे. कायदेशीर सल्ल्याची खरी गरज येथेच, म्हणजे पहिला कागद लिहिण्यापूर्वी असते.

ज्याचा मुलावर कायदेशीर ताब्याचा हक्क नाही अशा व्यक्तीने मूल अडकवून ठेवले असेल, तर उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसचा अर्ज करता येतो. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने मुलांच्या बाबतीत हा उपाय उपलब्ध असल्याचे सांगितले. तथापि साक्षीपुराव्याची सविस्तर छाननी आवश्यक असेल, तेथे नेहमीच्या न्यायालयाचाच मार्ग धरावा लागतो.

विनाशुल्क साहाय्य

आता दुसऱ्या समजुतीकडे वळू. आर्थिक दुर्बलतेमुळे कोणासही न्याय नाकारला जाऊ नये, यासाठी राज्याने विनामूल्य विधी साहाय्याची व्यवस्था करावी, असे निदेशक तत्त्व १९७६ सालच्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेच्या अनुच्छेद ३९-क मध्ये घालण्यात आले. त्याला मूर्त रूप देणारा विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ साली संमत झाला आणि ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. राष्ट्रीय, राज्य आणि जिल्हा पातळीवर प्राधिकरणे आणि तालुका पातळीवर समित्या, अशी त्याची रचना आहे.

या अधिनियमाचे बारावे कलम प्रत्येक पालकाला ठाऊक असावयास हवे. त्यानुसार स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती व जमातींच्या व्यक्ती, अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार आणि आणखी काही वर्ग विधी सेवेस पात्र आहेत. या वर्गांना उत्पन्नाची अट नाही. सबब, ताब्यासाठी अर्ज करणारी कोणतीही स्त्री केवळ स्त्री म्हणून या साहाय्यास पात्र ठरते. पती श्रीमंत आहे किंवा आपल्याला नोकरी आहे म्हणून तिने मागे राहण्याचे कारण नाही. पुरुषही या वर्गांपैकी एखाद्यात मोडत असेल किंवा त्याचे उत्पन्न त्या राज्याने ठरविलेल्या मर्यादेत असेल, तर त्यालाही हे साहाय्य मिळते. अट एवढीच की, प्रथमदर्शनी त्या कामात तथ्य आहे अशी प्राधिकरणाची खात्री पटली पाहिजे.

जिल्हा प्राधिकरणाचे कार्यालय सामान्यतः जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असते. तेथे साध्या कागदावर अर्ज करता येतो. लिहिता-वाचता न येणाऱ्याची हकिकत ऐकून तेथील कर्मचारी अर्ज लिहून घेतात. १५१०० या दूरध्वनी क्रमांकावरही प्राथमिक मार्गदर्शन मिळते. अर्ज मंजूर झाल्यावर वकिलाची नेमणूक होते. न्यायशुल्क, कागदपत्रे तयार करणे, भाषांतर आणि प्रमाणित नकला यांचा खर्च प्राधिकरण सोसते. नेमलेल्या वकिलाने पक्षकाराकडून कोणतीही रक्कम मागणे अथवा घेणे नियमबाह्य आहे. तसे घडल्यास किंवा वकील कामाकडे दुर्लक्ष करीत असल्यास प्राधिकरणाकडे तक्रार करून दुसरा वकील मागता येतो. साहाय्य नाकारले गेले, तर त्याविरुद्ध प्राधिकरणाच्या अध्यक्षांकडे दाद मागता येते.

कुटुंब न्यायालयाचे एक वैशिष्ट्य येथे सांगितले पाहिजे. त्या अधिनियमाच्या तेराव्या कलमानुसार वकिलामार्फत बाजू मांडणे हा पक्षकाराचा हक्क नाही. त्यासाठी न्यायालयाची अनुमती लागते. आपली हकिकत पक्षकाराला स्वतःच्या शब्दांत सांगता यावी, हा त्यामागील हेतू. व्यवहारात ही अनुमती बहुधा दिली जाते आणि आवश्यक वाटल्यास न्यायालय स्वतःच्या साहाय्यासाठी विधिज्ञ नेमू शकते. तरीसुद्धा न्यायाधीशांच्या किंवा समुपदेशकाच्या प्रश्नांना आपल्याला स्वतः उत्तरे द्यावी लागतील, हे गृहीत धरूनच जावे.

वकिलाकडे जाताना

कायद्याचा प्रश्न मुलाच्या हिताचा आहे, हे एकदा उमगले की तयारी कशाची करावयाची, हेही स्पष्ट होते. जन्माचा दाखला, विवाहाचा पुरावा, शाळेची प्रगतिपुस्तके, फीच्या पावत्या, लसीकरणाचे पत्रक, डॉक्टरांची कागदपत्रे आणि निवासाचा पुरावा एकत्र करावा. पूर्वी कोणत्याही न्यायालयात किंवा पोलीस ठाण्यात दिलेल्या अर्जांच्या प्रती जोडाव्यात. मोबाइलवरील संदेश पुसून टाकू नयेत. याखेरीज एका कागदावर मुलाचा दिनक्रम लिहून काढावा: सकाळी त्याला कोण उठवते, गृहपाठ कोण घेते, शिक्षकांना कोण भेटते, आपण कामावर गेल्यावर ते कोणाजवळ असते. आईवडिलांच्या गुणदोषांवरील दहा पाने जे सांगणार नाहीत, ते असा एक कागद पुष्कळदा सांगून जातो.

वकिलापासून काहीही लपवू नये. आपला जुना आजार, कर्ज, दुसरा विवाह किंवा रागाच्या भरात पाठविलेला एखादा संदेश दुसऱ्या पक्षाकडून उघड होणारच असेल, तर तो आपल्या वकिलाला आधी ठाऊक असणे हिताचे. उलट, दुसऱ्या पक्षाविरुद्ध न घडलेल्या गोष्टी प्रतिज्ञापत्रावर लिहू नयेत. असे आरोप उलटतपासणीत उघडे पडले की त्यांच्याबरोबर खऱ्या तक्रारींवरीलही विश्वास उडतो. मुलाला शाळेतून परस्पर उचलून आणणे किंवा त्याला दुसऱ्या पालकाविरुद्ध पढविणे, हेही न्यायालयाच्या नजरेतून सुटत नाही. जो पालक दुसऱ्याचे मुलाशी असलेले नाते जपतो, त्याच्या हाती मुलाचे हित अधिक सुरक्षित आहे, असा निष्कर्ष काढण्याकडे न्यायालयाचा कल असतो.

अंतरिम आदेश

ताब्याच्या वादात कालहरणाचे परिणाम इतर दिवाणी दाव्यांपेक्षा निराळे असतात. जमिनीचा दावा दहा वर्षे चालला तरी जमीन जागच्या जागी राहते. तीन वर्षांचे मूल मात्र दाव्याच्या काळातच सहा वर्षांचे होते. त्याची शाळा, सवंगडी आणि बोलण्याची भाषासुद्धा बदलते. मग स्थिरावलेले मूल पुन्हा हलवू नये, हाच विचार प्रबळ होतो आणि दाव्याच्या आरंभी ज्याच्याजवळ ते राहिले, त्याची बाजू आपोआप बळकट होते. म्हणून मुख्य अर्जासोबतच अंतरिम आदेशाचा अर्ज करणे महत्त्वाचे आहे. १८९० च्या अधिनियमाच्या बाराव्या कलमाखाली न्यायालय मूल हजर करण्याचा आणि तात्पुरत्या ताब्याचा आदेश देऊ शकते.

तात्पुरता ताबा मिळणार नसेल, तर निदान भेटीचा आदेश मागावा. तो मोघम नसावा. कोणत्या वारी, किती वाजता, कोठे, रात्रीचा मुक्काम असेल किंवा नाही, सणावारांची आणि उन्हाळी सुटीची विभागणी कशी, हे सर्व त्यात यावे. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने एका निर्णयात दूर राहणाऱ्या पालकाला मुलाशी दूरध्वनीवर आणि दृक्‌श्राव्य माध्यमातून बोलू देण्यावर भर दिला. पूर्वोक्त उदाहरणातील आईला प्रत्येक आठवड्याला भिलाई गाठणे परवडणारे नसेल. परंतु रोज सायंकाळी ठरलेल्या वेळी मुलीशी बोलण्याचा आदेश तिला मागता येईल. मुलीच्या मनातील आईचे स्थान टिकून राहणे हे तिच्या पुढील अर्जाच्या दृष्टीने जितके महत्त्वाचे, त्याहून मुलीच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे.

मूल परदेशी नेले जाण्याचा धोका असेल, तर न्यायालयाच्या अनुमतीवाचून त्याला देशाबाहेर नेऊ नये आणि त्याचे पारपत्र न्यायालयात जमा करावे, असा आदेश वेळीच मागावा. परदेशी नेलेली मुले परत आणण्यासंबंधीचा १९८० सालचा हेग करार भारताने स्वीकारलेला नाही. त्यामुळे एकदा सीमा ओलांडली गेली की उपाय शोधणे फार अवघड होते.

तडजोड आणि त्यानंतर

प्रथम समेटाचा प्रयत्न करणे हे कुटुंब न्यायालयाचे कर्तव्यच आहे. समेट म्हणजे पुन्हा एकत्र नांदणे असाच अर्थ नव्हे. विभक्त राहूनही मुलापुरता समझोता होऊ शकतो. भारतीय विधी आयोगाने २०१५ सालच्या आपल्या २५७ व्या अहवालात योग्य प्रसंगी संयुक्त ताब्याची तरतूद कायद्यात असावी, अशी शिफारस केली होती. लोकअदालतीत झालेल्या समझोत्याला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ असते आणि त्याविरुद्ध अपील करता येत नाही. म्हणून समजून घेतल्याविना, किंवा कोणाच्या दडपणाखाली, त्यावर सही करू नये. न वाचता येणाऱ्याने तो शब्दशः वाचून दाखविण्याचा आग्रह धरावा.

कुटुंब न्यायालयाच्या अंतिम निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात अपील करण्याची मुदत तीस दिवसांची आहे. याकरिता निकालाच्या प्रमाणित नकलेसाठी विनाविलंब अर्ज करावा. अपिलासाठीही विधी सेवा उपलब्ध असते. अपील फेटाळले गेले, तरी सर्व दारे बंद होतात असे नाही. ताब्याचा आदेश स्वभावतःच तात्कालिक असतो. मुलाचे वय वाढले, पालकाची नोकरी गेली, ताबा असलेल्याने मुलाची हेळसांड केली किंवा भेटी होऊ दिल्या नाहीत, तर बदललेल्या परिस्थितीत न्यायालयाकडे पुन्हा जाता येते.

न्यायालयात हरलेल्या पालकाने भेटीचे ठरलेले दिवस पाळावेत, शाळेच्या फीतील आपला वाटा भरावा आणि त्याची पावती जपून ठेवावी. पुढील अर्जात यांचा उपयोग होईल, हे खरेच. पण अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर मुलावरील ताब्याचे सर्व आदेश संपतात. कोणाकडे जावे, हे तेव्हा ते मूल स्वतः ठरवते. त्या दिवशी त्याच्यापुढे न्यायालयाचा निकाल नसतो. कोण ठरल्या वेळी आले आणि कोण आले नाही, एवढेच त्याला आठवत असते.